रोबो कारने मैदानात किती अंतर कापलं, ते कसं मोजायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा-सांगली भागातले विद्यार्थी, त्यांचे शिक्षक आणि हौशी मंडळी रोबो कारचं अंतर मोजण्याबद्दल जे प्रश्न सतत पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणात धरलेली गाडी बाजारात सर्रास मिळणारी आहे: पिवळ्या बीओ मोटरी (गिअर लावलेल्या छोट्या मोटरी), ६५ मिमीची चाकं आणि आर्डुइनो उनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड. तुमची गाडी वेगळी असेल तर आकडे बदला, रीत तीच राहते.

१. अंतर मोजायची सगळ्यात सोपी पद्धत कोणती?

चाकाचे फेरे मोजायचे आणि त्याला चाकाच्या परिघाने गुणायचं. बीओ मोटरचा दांडा दोन्ही बाजूंना निघालेला असतो. बाहेरच्या बाजूला चाक आणि आतल्या बाजूला २० खाचांची काळी एनकोडर चकती बसते. चकतीच्या दोन्ही बाजूंना पाय येतील असा इन्फ्रारेड सेन्सर लावला की प्रत्येक खाचेला एक पल्स (विजेचा ठोका) मिळतो. सेन्सरचा डिजिटल आउटपुट उनोच्या पिन २ किंवा ३ ला जोडा, कारण उनोवर बाहेरचे इंटरप्ट (पिनवर बदल होताच चालू काम थांबवून आधी मोजणी करायला लावणारी सोय) याच दोन पिनांवर मिळतात.

घरातल्या फरशीवर एवढं पुरतं. उघड्यावर मात्र ऊन, माती आणि घसरण या तीन गोष्टी या सोप्या पद्धतीत मोडता घालतात. पुढचे बरेच प्रश्न त्यांच्याबद्दलच आहेत.

२. एका पल्सला किती अंतर धरायचं?

६५ मिमी व्यासाच्या चाकाचा परिघ ६५ × ३.१४१६ = २०४.२ मिमी. त्याला २० ने भागलं की एका पल्सला १०.२१ मिमी. म्हणजे १० मीटरला सुमारे ९७९ पल्स यायला हवेत. खाच सुरू होताना एक आणि संपताना एक असे दोन्ही काठ मोजले तर एका फेऱ्याला ४० पल्स मिळतात आणि प्रत्येकाचे ५.१ मिमी धरायचे.

हा आकडा फक्त सुरुवातीपुरता. प्रोग्राममध्ये तो कायमचा लिहून ठेवू नका. कारण पुढच्याच उत्तरात आहे.

३. हिशोब बरोबर केला, तरी टेपने मोजलेलं अंतर आणि गाडीचा आकडा जुळत नाही. का?

चाक ६५ मिमीचं असतं ते हातात धरल्यावर. गाडीवर बॅटरी, मोटर चालवणारा ड्रायव्हर बोर्ड आणि सेन्सर चढले की टायर खालच्या बाजूने दबतो. या चाकांच्या रबराखाली बहुधा स्पंज असतो, त्यामुळे तो चांगलाच दबतो. अक्ष जमिनीच्या १ मिमी जवळ आला की चाक ६३ मिमी व्यासाचं असल्यासारखं चालतं. मग गाडी १०० मीटर गेली तर आकडा १०३ मीटरच्या वर दिसतो.

दुसरं कारण जास्त त्रासदायक आहे. बीओ मोटरच्या दांड्यावर चाक फक्त दाबून बसवलेलं असतं. ते ढिलं झालं की दांडा आणि चकती फिरतात, चाक मात्र मागे राहतं. मोजणी चुकते आणि कुठे चुकली ते कळतही नाही. दांड्याचं टोक आणि चाकाचा मधला भाग यांवर पांढऱ्या पेनने एकच सरळ रेघ ओढून ठेवा. दहा मिनिटं गाडी चालवल्यावर रेघ तुटलेली दिसली तर चाक घसरतंय. मधल्या छोट्या स्क्रूने चाक दांड्याला पक्कं आवळा.

४. कॅलिब्रेशन, म्हणजे गाडीचा आकडा खऱ्या अंतराशी जुळवणं, नेमकं कसं करायचं?

जिथे गाडी चालवायची आहे त्याच जमिनीवर, त्याच वजनाने आणि नेहमीच्याच वेगाने. शाळेच्या कोब्यावर काढलेला आकडा मुरमाच्या मैदानावर चालत नाही.

स्टीलच्या किंवा फायबरच्या टेपने १० मीटरची सरळ रेघ आखा. कापडी टेप ताणला जातो, तो टाळा. उन्हाने स्टीलचा टेप लांबतो ही काळजी नको: तापमान २० अंशांनी वाढलं तरी १० मीटरमागे दोन-अडीच मिमीचाच फरक पडतो. गाडीचा एकच बिंदू ठरवा, उदाहरणार्थ पुढच्या चाकाचा अक्ष, आणि सुरुवात व शेवट दोन्ही त्यावरूनच घ्या. एका टोकाला अक्ष आणि दुसऱ्या टोकाला बंपर धरला की पाच-सात सेंटिमीटर तिथेच जातात. पाच फेऱ्या मारा, पल्सची सरासरी काढा आणि १०,००० मिमीला त्या सरासरीने भागा. समजा सरासरी १००६ आली, तर एका पल्सला ९.९४ मिमी. हा तुमचा खरा गुणांक.

पाच फेऱ्यांचे आकडे एकमेकांपासून एक टक्क्याहून जास्त फाकले असतील तर सरासरी काढून उपयोग नाही. आधी दोष शोधा (प्रश्न ३, ५ आणि १३).

टेप हाताशी नसेल तर क्रिकेटची खेळपट्टी कामाला येते. स्टंपपासून स्टंपपर्यंत २२ यार्ड, म्हणजे २०.१२ मीटर. मात्र गल्लीतल्या किंवा माळावरच्या खेळपट्टीवर विसंबू नका, तिथे स्टंप पावलं टाकून रोवलेले असतात.

५. घरात गाडी बरोबर मोजते, पण उन्हात नेली की आकडा थांबतो किंवा वाटेल तसा पळतो. सेन्सर खराब झाला का?

सेन्सर चांगला आहे. सूर्यप्रकाशात इन्फ्रारेड भरपूर असतं आणि सेन्सरचा डोळा तेच बघत असतो. चकतीचा दात आडवा आला तरी बाजूने ऊन आत शिरतं आणि सेन्सरला खाच उघडीच आहे असं वाटतं. मार्च ते मे सांगली-मिरजेच्या उन्हात हे हमखास होतं. गाडीने दिशा बदलली की ऊन वेगळ्या कोनातून येतं, म्हणून एका दिशेला मोजणी नीट आणि दुसऱ्या दिशेला बंद, असाही प्रकार दिसतो.

तपासायची रीत: चाक हाताने असं थांबवा की चकतीचा दात बरोबर सेन्सरच्या मध्ये येईल. सेन्सरच्या छोट्या बोर्डवरचा (मॉड्यूलवरचा) दिवा बघा. आता गाडी सावलीतून उन्हात न्या. चाक न हलवता दिव्याची स्थिती बदलली तर दोष उन्हाचाच.

उपाय म्हणजे सेन्सर आणि चकती दोन्ही झाकणारी टोपी. नुसतं काळं प्लास्टिक पुरेल असं धरू नका. डोळ्याला काळं दिसणारं काही प्लास्टिक इन्फ्रारेड आरपार जाऊ देतं. जाड पुठ्ठ्याची टोपी करा, बाहेरून अॅल्युमिनियम फॉइल लावा आणि त्यावर इन्सुलेशन टेप गुंडाळा. फॉइल उघडी राहून मॉड्यूलच्या पायांना लागली तर शॉर्ट होईल.

टोपी लावूनही खात्री वाटत नसेल तर प्रकाशावरचा सेन्सर सोडून चुंबकावरचा घ्या. बाहेर चालवायच्या गाडीला आमची पहिली पसंती तोच.

६. चुंबकाचा, म्हणजे हॉल सेन्सर कसा जोडायचा?

ए ३१४४ हा स्वस्त आणि सहज मिळणारा सेन्सर आहे. अक्षरं छापलेली बाजू तुमच्याकडे आणि पाय खाली धरले तर डावीकडून पहिला पाय सप्लाय, मधला ग्राउंड, तिसरा आउटपुट. सप्लाय ५ व्होल्ट. आउटपुट आणि ५ व्होल्ट यांच्यामध्ये १० किलो-ओहमचा रेझिस्टर लावा. तो नसेल तर आउटपुट वर जातच नाही, आणि ‘सेन्सर मेला’ म्हणून येणाऱ्या बहुतेक तक्रारी इथेच मिटतात. सप्लाय आणि ग्राउंडमध्ये, सेन्सरच्या अगदी जवळ, ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावा. त्यावर १०४ असं छापलेलं असतं.

हा सेन्सर चुंबकाच्या एकाच ध्रुवाला दाद देतो: छापील बाजूसमोर दक्षिण ध्रुव आला पाहिजे. सगळी चुंबकं एकाच बाजूने बसवायची. चिकटवण्याआधी प्रत्येक चुंबक सेन्सरसमोर धरून मल्टीमीटरवर आउटपुट शून्याजवळ येतो का ते बघा आणि बाहेरच्या बाजूवर ठिपका करा. फेविक्विकने उलट चिकटलेलं चुंबक काढताना हमखास तुटतं.

उनोऐवजी ईएसपी ३२ बोर्ड वापरत असाल तर एक गोष्ट जपा. सेन्सरला किमान ४.५ व्होल्ट लागतात, पण ईएसपीची पिन ३.३ व्होल्टची आहे. सेन्सरचा सप्लाय ५ व्होल्टच ठेवा आणि १० किलो-ओहमचा रेझिस्टर मात्र ३.३ व्होल्टला जोडा. आउटपुट ओपन कलेक्टर असल्याने (म्हणजे सेन्सर तो फक्त खाली ओढतो, वर रेझिस्टर नेतो) हे चालतं.

७. काळ्या मातीत अंतर कमी दाखवते आणि मुरमावर जास्त. एकाच गाडीचं असं उलटसुलट कसं?

दोन वेगळी कारणं आहेत.

मुरमावर, वाळूत किंवा खडीवर मोटरवर फिरणारं चाक जागच्या जागी थोडं घसरतं. फेरे होतात, गाडी तेवढी पुढे जात नाही. म्हणून आकडा खऱ्या अंतराहून जास्त येतो. साताऱ्याच्या पूर्वेला माण-खटावकडे आणि सांगलीच्या जतकडे मुरमाड माळ भरपूर आहेत, तिथे हे नेहमीचं.

कृष्णाकाठच्या काळ्या मातीत थोडी ओल असली की ती टायरला थर धरते. २ मिमीचा थर बसला की ६५ मिमीचं चाक ६९ मिमीचं होतं. प्रत्येक फेऱ्याला गाडी जास्त पुढे जाते आणि आकडा १०० मीटर म्हणतो तेव्हा खरं अंतर १०६ मीटर असतं. थर वाढतो, गळून पडतो, पुन्हा बसतो, त्यामुळे याचा एकच गुणांक काढता येत नाही.

ओल्या काळ्या मातीत घसरण आणि थर दोन्ही एकाच वेळी असतात आणि एखाद्या फेरीत त्यांच्या चुका एकमेकींना खाऊन आकडा अगदी बरोबर येतो. त्या फेरीवर विश्वास ठेवू नका. उपाय प्रश्न ८ मध्ये आहे.

८. मग बाहेर भरवशाचं अंतर मिळवायचं कसं?

गाडी ओढणारं चाक आणि अंतर मोजणारं चाक वेगळं करायचं. बाहेरच्या मोजमापात सगळ्यात जास्त फरक याच एका बदलाने पडतो. ज्या चाकावर मोटरचा जोर येतो ते घसरणारच. जे चाक नुसतं जमिनीवर टेकून मागून फिरतं त्याला घसरायला कारणच नसतं. याला आपण मोजचाक म्हणू.

साहित्य: १०० मिमी व्यासाचं हलकं चाक किंवा ५ मिमी जाडीची अॅक्रिलिकची गोल चकती, एक ६०८ बेअरिंग (आतून ८ मिमी, बाहेरून २२ मिमी), ८ मिमीचा बोल्ट, ५ मिमी व्यास आणि २ मिमी जाडीची ८ निओडिमियम चुंबकं, १२ ते १५ सेंमी लांब अॅल्युमिनियमची पट्टी, ३ मिमीचा बोल्ट आणि नायलॉक नट, एक हलकी स्प्रिंग, सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी आणि एक ए ३१४४.

चकतीच्या कडेवर ट्यूबची पट्टी चिकटवा. सांधा तिरका कापा, नाहीतर प्रत्येक फेऱ्याला चाक उडी मारेल. मध्यापासून ३५ मिमीवर वर्तुळ आखून ४५ अंशांवर एक अशी आठ चुंबकं बसवा. दोन चुंबकांत साधारण २७ मिमी अंतर राहतं, सेन्सरला एक चुंबक गेलं आणि दुसरं आलं हे ओळखायला ते पुरेसं आहे. सेन्सर आणि चुंबकात २ ते ४ मिमी फट ठेवा. पट्टीचं एक टोक गाडीला ३ मिमीच्या बोल्टने असं जोडा की पट्टी वर-खाली मोकळी हलेल, पण डावी-उजवीकडे डगडगणार नाही. स्प्रिंगने चाक खाली दाबलेलं राहू द्या. ५० ते १०० ग्रॅमचा जोर पुरतो. त्याहून जास्त दिला तर मागची चाकं हलकी होऊन आणखी घसरतात.

१०० मिमी चाकाचा परिघ ३१४ मिमी, पट्टीची जाडी धरून थोडा जास्त. आठ चुंबकांमुळे एका पल्सला साधारण ४० मिमी. बारीक वाटत नसेल, पण ५० मीटरच्या धावेत एक पल्स इकडेतिकडे झाला तर चूक ०.१ टक्क्याच्याही आत राहते. मोठं चाक छोट्या खड्ड्यांत उतरत नाही, हा त्याचा दुसरा फायदा. कॅलिब्रेशन प्रश्न ४ प्रमाणेच करायचं. चिकट मातीसाठी चाकाला हलकेच टेकेल अशी प्लास्टिकची पट्टी खरवडणी म्हणून लावा.

९. मोजचाक गाडीच्या मागे लावू की मधे?

मोटरवर चालणारी दोन चाकं असलेल्या गाडीत त्या दोन चाकांच्या अक्षरेषेवर, बरोबर मध्यभागी. चार चाकांच्या गाडीत चौकोनाच्या मध्यावर. वळताना तिथे आडवं घासणं सगळ्यात कमी असतं. मागे लांब लावलेलं आणि न वळणारं चाक प्रत्येक वळणावर आडवं फरपटतं आणि पल्स चुकवतं. पोटाखाली जागाच नसेल तर मागे लावा, पण तेव्हा धाव सरळ ठेवा.

कॅस्टरसारखं गोल फिरणारं मोजचाक लावू नका. ते डुगडुगतं आणि दिशा बदलताना स्वतःपुरते अर्धवर्तुळ फिरतं, ते अंतरही मोजलं जातं.

१०. गाडी जागच्या जागी फिरली तरी अंतर वाढतं. काय करायचं?

एकाच चाकाचे पल्स मोजले की असं होणार. दोन चाकांमधलं अंतर १५ सेंमी असेल तर गाडी स्वतःभोवती एक गिरकी घेते तेव्हा प्रत्येक चाक ४७ सेंमी चालतं. गाडी मात्र तिथेच असते.

दोन्ही बाजूंना सेन्सर लावा आणि चाकाच्या दिशेप्रमाणे अधिक-उणे चिन्ह द्या. मधल्या बिंदूने कापलेलं अंतर म्हणजे डाव्या आणि उजव्या अंतरांची सरासरी. गाडी किती वळली ते हवं असेल तर उजव्यातून डावं वजा करून चाकांमधल्या अंतराने भागा, कोन रेडियनमध्ये मिळतो. चार चाकांची गाडी घासतच वळते, त्यामुळे टेपने मोजलेली रुंदी या सूत्रात चालत नाही. गाडी दहा पूर्ण गिरक्या फिरवा आणि उलट गणिताने रुंदी काढा. ती टेपच्या आकड्याहून जास्त येते.

११. गाडी मागे आली तर अंतर वजा व्हायला हवं ना?

आधी ठरवा काय हवं आहे. एकूण धाव हवी असेल तर मागे येणंही मिळवायचं. सुरुवातीपासून किती लांब गेली ते हवं असेल तर वजा करायचं. स्पर्धेच्या नियमात हे नीट वाचा.

एका सेन्सरला दिशा कळत नाही. मोटरला पुढे-मागेचा जो हुकूम दिलात त्यावरून चिन्ह लावता येतं, पण गाडी उतारावर मागे घरंगळली तर ते फसतं. खरी दिशा हवी तर एकमेकांपासून पाव पल्स सरकवलेले दोन सेन्सर लागतात. एन २० या छोट्या गिअर मोटरीच्या एनकोडर लावलेल्या प्रकारात ते तयारच असतात (प्रश्न १४).

१२. अंतर वाढत-वाढत एकदम उणे झालं!

उनोवर ‘इंट’ प्रकारचा आकडा ३२,७६७ पर्यंतच जातो. त्यापुढचा पल्स आला की तो उणे ३२,७६८ होतो. १०.२१ मिमीच्या पल्सला हे साधारण ३३४ मीटरवर घडतं, दोन्ही काठ मोजत असाल तर १६७ मीटरवर. मोजणीचा आकडा ‘लाँग’ प्रकारचा ठेवा आणि त्याच्या आधी ‘व्होलटाइल’ (हा आकडा इंटरप्टमध्ये कधीही बदलू शकतो हे सांगणारा शब्द) लावायला विसरू नका.

लाँग आकडा चार बाइटचा असतो आणि उनो एका वेळी एकच बाइट वाचतो. वाचता-वाचता मधेच इंटरप्ट आला तर अर्धा जुना, अर्धा नवा असा विचित्र आकडा हाती लागतो. म्हणून वाचताना क्षणभर इंटरप्ट बंद करा, आकडा दुसऱ्या जागी उतरवून घ्या आणि लगेच चालू करा. इंटरप्टच्या फंक्शनमध्ये सिरियल प्रिंट घालू नका.

१३. गाडी उभी आहे, तरी पल्स वाढतात.

चाक नेमकं खाचेच्या काठावर थांबलं तर थोड्याशा कंपाने सेन्सर चालू-बंद होत राहतो. आणि मोटर चालू असताना जास्तीचे पल्स येत असतील तर मोटरच्या ब्रशच्या ठिणग्यांचा त्रास आहे. प्रत्येक मोटरच्या दोन टोकांवर १०४ कपॅसिटर थेट सोल्डर करा, मोटरच्या तारा एकमेकींना पीळ देऊन न्या आणि सेन्सरच्या तारा त्यांच्यापासून लांब ठेवा.

प्रोग्राममध्येही गाळणी लावता येते. बीओ मोटर ६ व्होल्टवर मोकळी असताना मिनिटाला सुमारे २०० फेरे करते. म्हणजे सेकंदाला ६७ पल्स, दर १५ मिलिसेकंदांना एक. मागच्या पल्सनंतर ३ मिलिसेकंदांच्या आत आलेला पल्स खरा असूच शकत नाही. तो सोडून द्या. वेगवान एनकोडरला ही गाळणी लावू नका, खरे पल्स मरतील.

१४. एन २० एनकोडर मोटर घेतली तर फायदा किती?

मोजणी खूप बारीक होते आणि दिशा कळते. बहुतेक एन २० एनकोडर मोटरच्या मूळ दांड्यावर, गिअरच्या आधी, एका वाहिनीवर (दोनपैकी एका सेन्सरवर) फेऱ्याला ७ पल्स देतात. १:१०० गिअर असेल तर चाकाच्या एका फेऱ्याला ७०० पल्स आणि दोन्ही वाहिन्यांचे सगळे काठ मोजले तर २८००. ४३ मिमी चाकाचा परिघ १३५ मिमी, म्हणजे एका मोजणीला ०.०५ मिमीहूनही कमी. इथे प्रश्न १२ मधला ‘इंट’ दीड-पावणेदोन मीटरवरच उलटतो!

पण बारीक मोजणी आणि बरोबर मोजणी वेगळ्या. चाक घसरलं तर ०.०५ मिमीच्या बारकाईने चुकीचं अंतर मिळेल. शिवाय ७ हा आकडा सगळ्या बनावटींत सारखा नसतो. चाक हाताने बरोबर दहा फेरे फिरवून मोजणी बघा.

१५. त्यापेक्षा जीपीएस लावला तर?

शंभर-दोनशे मीटरच्या पुढे आणि उघड्या आभाळाखाली उपयोग आहे. त्याआत नाही. निओ ६ एम या जीपीएस मॉड्यूलची अचूकता साधारण २.५ मीटर सांगितली जाते, तीही अर्ध्या वेळा; उरलेल्या अर्ध्या वेळा चूक त्याहून मोठी. १० मीटरच्या धावेत याचा अर्थ किती उरतो ते बघा.

मोठी अडचण वेगळीच आहे. गाडी उभी असतानाही जीपीएसचा बिंदू इकडेतिकडे भटकतो. दर सेकंदाचं अंतर मिळवत गेलात तर उभ्या गाडीने तासाभरात बरीच मोठी मजल मारलेली दिसते. म्हणून मागच्या नोंदवलेल्या बिंदूपासून ५ मीटर दूर गेल्यावरच नवा बिंदू घ्यावा, असं सांगितलं जातं. सरळ धावेत ते ठीक आहे. गाडी ५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरत असेल तर ५ मीटरचा प्रत्येक सरळ तुकडा खऱ्या वळणाहून साडेचार टक्क्यांनी आखूड पडतो. स्थानांऐवजी जीपीएसने दिलेला वेग घेऊन त्याला वेळेने गुणणं बऱ्याचदा जास्त बरोबर येतं. वेग अगदी कमी असेल, म्हणजे सेकंदाला १० सेंमीच्या आसपास, तर तो शून्यच धरा.

साताऱ्याचं शाहू स्टेडियम किंवा सांगलीचं शिवाजी स्टेडियम अशी मोकळी जागा चांगली. सांगलीच्या आमराईत झाडांखाली किंवा अजिंक्यताऱ्याच्या कुशीत, जिथे अर्धं आभाळ डोंगराने झाकलेलं असतं, तिथे चूक वाढते. मॉड्यूल चालू केल्यावर पहिली काही मिनिटं गाडी हलवू नका.

१६. जीपीएसचं अंतर कधी ० तर कधी ८० सेंमी येतं, मधलं काहीच येत नाही.

उनोवर ‘डबल’ (जास्त बारीक दशांश आकडा) लिहिलं तरी तो ‘फ्लोट’च असतो, सुमारे सात आकड्यांपुरता. आपल्याकडे रेखांश ७४ च्या आसपास आहे. तिथे फ्लोटची सगळ्यात लहान पायरी जमिनीवर सुमारे ८१ सेंमीची पडते. अक्षांश १७ च्या आसपास आहे, तिथे ती २१ सेंमीची. अंशांना एक कोटीने गुणून आलेला पूर्णांक ‘लाँग’मध्ये ठेवा, आधी दोन पूर्णांकांची वजाबाकी करा आणि मग मीटरमध्ये आणा. छोट्या धावेला पृथ्वीचा गोलपणा धरणाऱ्या पूर्ण हॅवरसाइन सूत्राची गरज नाही: अक्षांशाचा एक अंश सुमारे ११०.७ किमी, रेखांशाचा एक अंश साताऱ्यात १०६ किमीच्या थोडा वर, सांगलीत १०६.५ किमीच्या आसपास.

१७. चढावर जीपीएस आणि चाक यांचे आकडे वेगळे येतात. बरोबर कुणाचा?

दोन्ही बरोबर असू शकतात. चाक चढ-उतारावरून प्रत्यक्ष चाललेलं अंतर मोजतं. अक्षांश-रेखांशावरून काढलेलं अंतर नकाशावरचं, म्हणजे आडवं असतं. दहाला एक चढ असेल तर १०० मीटर आडव्या अंतराला चाक १००.५ मीटर दाखवेल. पाचाला एक असेल तर १०२. यवतेश्वरच्या घाटासारख्या ठिकाणी फरक याहून जास्त येत असेल तर तो घसरणीचा आहे, चढाचा नाही. (वाहत्या रस्त्यावर गाडी चालवू नका. ड्रायव्हरला ती दिसत नाही.)

१८. एमपीयू ६०५० (त्वरण आणि वळण मोजणारा सेन्सर) आहेच गाडीवर. त्यावरून अंतर काढता येईल?

नाही. त्वरणावरून अंतर काढायला दोनदा बेरीज करावी लागते आणि चूक वेळेच्या वर्गाने वाढते. सेन्सरमध्ये ०.०१ जी (गुरुत्वीय त्वरणाचा शंभरावा भाग) एवढी बारीक चूक धरली तर १० सेकंदांत ४.९ मीटर आणि एका मिनिटात १७६ मीटर खोटं अंतर जमा होतं. त्याचा जायरो (फिरण्याचा वेग मोजणारा भाग) मात्र वळण मोजायला घ्या, प्रश्न १० मधल्या चार चाकांच्या गाडीला तो फार उपयोगी पडतो.

१९. अल्ट्रासोनिक सेन्सर किंवा लेझर मीटर?

एचसी एसआर ०४ हा अल्ट्रासोनिक सेन्सर चार मीटरपर्यंतच, तोही समोर सपाट भिंत असेल तर. लेझर मीटरचा ठिपका दुपारच्या उन्हात दिसत नाही. संध्याकाळी मागे पांढरा पुठ्ठा धरून शेवटचं अंतर पडताळायला तो छान आहे.

२०. बॅटरी काढली की अंतर शून्य होतं. साठवायचं कसं?

उनोच्या आतल्या ईईप्रॉममध्ये, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत. पण प्रत्येक पल्सला लिहू नका: एका जागेची हमी एक लाख वेळा लिहिण्यापुरती असते, आणि १० मिमीच्या पल्सला ती एका किलोमीटरमध्येच संपते. शिवाय एक बाइट लिहायला सुमारे ३.३ मिलिसेकंद जातात. दर १० मीटरला आणि गाडी थांबल्यावर लिहा.

२१. धावपट्टीवर ४०० मीटर चालवली, आकडा ३९८ आला. चूक गाडीची का?

कदाचित कुणाचीच नाही. प्रमाणित धावपट्टीच्या पहिल्या लेनचे ४०० मीटर आतल्या उंच कडेपासून ३० सेंमी बाहेर मोजलेले असतात. कडेला अगदी चिकटून गेलात तर फेरी ३९८.१२ मीटरची होते. गाडी १० सेंमी बाहेर सरकली की फेरीमागे ६३ सेंमी वाढतात. चुन्याने आखलेल्या मातीच्या ट्रॅकवर हा आकडा धरून कॅलिब्रेशन करू नका.

२२. उसाच्या सरीत किंवा द्राक्षबागेत काय वापरावं?

मोजचाक. उंच उसात जीपीएसला आभाळ कमी दिसतं आणि द्राक्षाच्या मांडवाखालीही तसंच. उसात जमिनीवर पाचट असेल तर चाक त्यावर तरंगत उड्या मारतं. तिथे १५० मिमीपर्यंतचं मोठं मोजचाक आणि थोडी कडक स्प्रिंग घ्या, अक्षाजवळ पाला गुंडाळू नये म्हणून दोन्ही बाजूंना प्लास्टिकच्या चकत्या लावा. तासगावकडच्या बागांमध्ये ओळीच्या खांबांमधलं अंतर ठरलेलं असतं. ते एकदा टेपने मोजून घेतलं तर दर खांबापाशी गाडीचा आकडा पडताळता येतो.

२३. या गाडीने शेताची हद्द मोजता येईल का?

अंदाजासाठी मोजा, वादासाठी नाही. एक एकराचा चौरस म्हणजे बाजू साधारण ६३.६ मीटर. प्रत्येक बाजूत २ टक्के चूक झाली तर क्षेत्रात ४ टक्के, म्हणजे एकरामागे १.६ गुंठ्यांचा फरक. बांधाच्या भांडणात तेवढी जमीन लहान नसते. कायदेशीर मोजणीसाठी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करावा लागतो. ठिबकची नळी किती लागेल, कुंपणाला किती तार लागेल, अशा कामांना मात्र कॅलिब्रेट केलेलं मोजचाक पुरेसं आहे. तार घेताना पाच टक्के जास्त धरा, कारण कोपऱ्याच्या खांबांना वेढे द्यावेच लागतात.